समोरचा अप्पर, आपली काच

पुणे–कोल्हापूर रस्त्यावर दुभाजकातली कण्हेर समोरच्या दिव्यांचा बराच झोत अडवते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरू लागलं की तो आडोसा संपतो, वळणावळणावर कुणाचा तरी अप्पर थेट डोळ्यांत येतो आणि कणकवलीपर्यंत कपाळ ठणकू लागतं. समोरच्याचा दिवा आपल्या हातात नाही. पण त्याचा त्रास वाढवणारं बरंच काही आपल्याच गाडीत असतं.

१. काच आतून पुसा. बाहेरून सगळेच पुसतात. पण उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापलं की त्याच्या वाफेचा तेलकट थर आतल्या बाजूला बसतो. दिवसा तो जाणवत नाही. रात्री समोरचा प्रकाश त्यावर पसरतो आणि अख्खी काच पांढरी होते. नुसत्या ओल्या फडक्याने तो निघत नाही, इकडचा तिकडे फिरतो. काच साफ करायचं लिक्विड मारून एका स्वच्छ कापडाने पुसावं, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने. झिजलेल्या वायपरचे ओरखडेही प्रकाश असाच फोडतात.

२. नंबर तपासून घ्या. अंधारात बाहुली मोठी होते, त्यामुळे दिवसा खपून जाणारा थोडासा सिलिंडर नंबरही रात्री दिव्यांना फाटे फोडतो. डोळे बारीक करून गाडी हाकली की डोकं दुखणारच. चष्म्याला अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग जरूर घ्यावं.

३. ‘नाइट ड्रायव्हिंग’चे पिवळे चष्मे घेऊ नका. बॉस्टनच्या संशोधकांनी २०१९ साली सिम्युलेटरवर तपासलं, तेव्हा समोर झोत असताना पादचारी दिसायला या काचांची मदत झाली नाही. अंधारात आधीच कमी असलेला प्रकाश त्या आणखी अडवतात.

४. अप्पर आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्यावी आणि वेग उतरवावा. ताशी ८०ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळे दिपलेले ते दोन-तीन सेकंद फार महाग पडू शकतात.

५. एसीचा झोत तोंडावर नको, आरसा नाइटला, स्क्रीन मंद.

६. डिकी भरली की गाडीचं नाक वर उठतं, मग आपला डिप्परही समोरच्याला अप्परसारखा लागतो. स्टिअरिंगजवळ दिव्यांची पातळी खाली करायचं बटण असेल, तर निघतानाच वापरावं.

७. एवढं करूनही दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत असतील, डोळा लाल होऊन दुखत असेल, मळमळत असेल, तर गोळी घेऊन पुढे जाऊ नका. तो काचबिंदूचा झटका असू शकतो. गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि त्याच रात्री डॉक्टर गाठावा.