पहिली होडी आठ फुटांची

अगं, आराखडा मागवलास हे आईकडून कळलं, आणि तू पाठवलेलं चित्र बघितल्यावर तुझी नजर का अडकली तेही कळलं. न्यूझीलंडच्या कुणा डिझायनरची पंधरा फुटी होडी, एकीवर एक चढवलेल्या फळ्या, दोन डोलकाठ्या, तांबूस शिडं. सुंदर आहे यात वाद नाही. ती बांधू नकोस असं मी म्हणणार नाही. पहिली म्हणून बांधू नकोस, एवढंच म्हणेन, आणि तेही फक्त तुझ्या कानात. घरात आधीच सगळे विरोधात बसलेत. त्यांना माझ्या तोंडचा अर्धा शब्द मिळाला तरी तुझा बेत मोडतील.

आईला कसं पटवायचं, हे तू विचारलंस. आधी तिच्या जागी बसून बघ. सांगलीत जन्म काढलेल्या बाईला पाणी माहीत आहे ते आयर्विन पुलाजवळच्या पातळीवरून. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. महापूर 2005, 2019, 2021 चे. त्यात 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी होडीच उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली होती. अशा बाईला ‘मला पोहता येतं गं’ म्हणून काय समाधान होणार? तिला आराखड्याचं पहिलं पान दाखव. ही होडी किती वजन पेलते, उलटली तर तरंगत राहायला हवाबंद कप्पे कुठे आहेत, ते त्यावर लिहिलेलं असतं. पुरात गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जाणारी माणसं तिने पाहिली आहेत. काहील किती माणसांची, हे कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तुझ्या होडीबाबत ते कागदावर आहे, हे तिला स्वतः वाचू दे. आणि लाइफ जॅकेट आधी विकत घे, प्लायच्या आधी. घरात खुंटीवर टांगलेलं दिसलं की निम्मं भांडण मिटतं.

दुसरं म्हणजे, सांगलीत बांध पण सांगलीत शीड उभारू नकोस. कृष्णा आपली असली तरी शिडाच्या कामाची नाही. काठ उंच, वर झाडं, पात्र खाली, त्यामुळे वारा वरून निघून जातो. मध्ये मध्ये बंधारे. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळच्या पट्ट्यात मगरी आहेत, हे तुला मी कशाला सांगू? पावसाळ्यात आपल्याकडे होड्यांच्या शर्यती होतात त्या वल्ह्यांच्या, मनगटाच्या जोरावर. शिडाला मोकळं पाणी लागतं.

ते माझ्याकडे, साताऱ्याला आहे. (छत्रपतींची गादी साताऱ्याला आणि त्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे अलिबागच्या कुलाब्याला, तेव्हा समुद्र न दिसणाऱ्या गावाचा शिडांशी संबंध नाही असं मला कुणी सांगू नये.) वाईच्या वर धोमचं धरण, तिकडे कोयनेचा शिवसागर. शिवसागर मोठा आहे, बामणोली-तापोळ्याला बोटी चालतात, मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालंय. पण पलीकडचा काठ अभयारण्याचा, तिथे मनाला येईल तिथे नांगर टाकता येत नाही. शिवाय उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. सुरुवातीला धोम बरं. कुठेही झालं तरी जलाशय जलसंपदा विभागाचा असतो. त्यांच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी ‘जावा की, कोण इचारतंय’ म्हणणारा माणूस काही घडलं की जागेवर नसतो.

वाऱ्याचं म्हणशील तर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. जून ते ऑगस्ट त्या जोरात फिरतात, तेव्हा आपली होडी ताडपत्रीखाली. सड्यावरचा वारा आणि धरणातला वारा मात्र सारखा नसतो. डोंगराच्या आडोशाला तो मरतो आणि खिंडीसमोर आलीस की एकदम अंगावर येतो. पाचगणीहून धोमच्या खोऱ्यावर पॅराग्लायडिंग करणारी मंडळी आहेत, त्यांच्याशी बोल. कुठल्या महिन्यात किती वाजता वारा कुठून उठतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

आता मुख्य गोष्ट. आराखड्यावरून होडी बांधायची म्हटलं की मला ‘सुहेली’ आठवते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण व्यापारी जहाजावर अधिकारी होता, मुंबईत येऊन-जाऊन असायचा. त्याने इंग्लंडमधल्या एका कंपनीकडून पत्राने आराखडा मागवला. आला तो भलताच, हवा होता तो नाही. विल्यम ॲटकिन या अमेरिकन डिझायनरच्या 1920 च्या दशकातल्या होडीचा, म्हणजे तेव्हाच चाळीस वर्षं जुना. परत पाठवण्यात वेळ गेला असता, म्हणून तोच घेतला. मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि सामता वापरून, सागवानात, 32 फुटांची होडी उभी केली आणि 1964 साली ती पाण्यात गेली. जाडजूड, सावकाश चालणारी. 14 जून 1968 ला तो तीच घेऊन इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून 22 एप्रिल 1969 ला परत आला. असा वळसा घालणारा जगातला पहिला माणूस. ती शर्यतच होती, नऊ जण उतरले होते, पुरी केली ती एकट्या ‘सुहेली’ने. वेगवान, नव्या विचारांच्या होड्या वाटेत राहिल्या. तिलाही वाटेत गळती लागली, तेव्हा त्याने समुद्रात बुडी मारून फटी बुजवल्या.

दुसरं उदाहरण जवळचं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांचा कारखाना आहे. नौदलाची 56 फुटी ‘म्हादेई’ तिथे लाकूड, फायबर आणि इपॉक्सीत बांधली गेली, व्हान डे स्टाट या डच डिझायनर संस्थेच्या तयार आराखड्यावरून. बांधताना कमांडर दिलीप दोंदे सोबत होते, आणि त्याच होडीतून 2009-10 मध्ये ते एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे अभिलाष टॉमीने तिच्यातूनच न थांबता फेरी पुरी केली. सहा नौदल अधिकारी मुलींची ‘तारिणी’ही तिथलीच. दांडेकरांसारखा अनुभवी माणूस दुसऱ्याचा आराखडा समोर ठेवून काम करतो, आणि तू मला विचारतेस की मधली बैठक काढून पाय पसरायला जागा केली तर चालेल का?

नाही चालणार, राणी. ती बैठक बसायला कमी आणि दोन्ही कडा ताणून धरायला जास्त असते. डोलकाठी चार बोटं मागे घेतली की शिडाचा जोर मागे सरकतो आणि होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवायला लागते, मग सुकाणू धरून तुझा हात भरून येतो. कागदावर प्रत्येक रेघ दुसऱ्या तीन रेघांवर टेकलेली असते. काटकसर करायची असेल तर जे सोडून पुन्हा लावता येतं तिथे कर. शिडाचं कापड, दोऱ्या, रंग. तासगावच्या बेदाणा शेडवर टाकतात तसल्या ताडपत्रीचं शीड पहिल्या वर्षाला पुरतं, फक्त कापताना माप आराखड्यातलंच. अंगाला हात लावू नकोस.

आता पहिली होडी आठ फुटांचीच का? यात हिशेब आहे. आपल्याकडे प्लाय आठ बाय चारचा मिळतो. त्याहून लांब होडी म्हणजे दोन तुकड्यांच्या कडा उतरत्या तासून चिकटवायच्या, जाडीच्या आठपट उतार, म्हणजे 6 मिमी प्लायला 48 मिमी. शिकशील, पण पहिल्याच महिन्यात नको. 1947 मध्ये क्लार्क मिल्सने फ्लोरिडात लहान मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ काढली ती याच हिशेबावर, 2.3 मीटर, चौकोनी नाकाची. ती आज जगभर मुलं चालवतात, हैदराबादच्या हुसेनसागरावरसुद्धा. तुझ्या वजनाला ती छोटी. अमेरिकेत डेव्हिड रूथने ‘पडल डक रेसर’ नावाची आठ फुटी पेटी आखली आहे, दिसायला आंघोळीचा टब. तिचा नियम मला फार आवडतो. खालचे दहा इंच सगळ्यांचे सारखे, वर काय हवं ते करा. तुझ्यासारख्या हात शिवशिवणाऱ्या मुलींसाठीच केला असावा. जरा मोठी हवी तर ‘मिरर’ बघ, 1962 ची, जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची, 3.3 मीटर. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे, मग सांध्यांवर फायबरची पट्टी आणि राळ. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या, बहुतेक घरच्या गॅरेजात.

प्लाय आयएस 710 शिक्क्याचा घे. शिक्क्यावर विसंबू नकोस, एक तुकडा मागून घरी पातेल्यात चांगला दिवसभर उकळ. पदर सुटले तर दुकान बदल. कडेने बघ, आत पोकळ्या दिसल्या तरी नको. आपला मरीन प्लाय परदेशी हलक्या प्लायपेक्षा जड भरतो, त्यामुळे होडी आराखड्यातल्या वजनापेक्षा भारी होईल. होऊ दे. पातळ प्लाय लावून वजन वाचवायला जाऊ नकोस.

फायबरच्या टाक्या आणि बंपर दुरुस्त करणारे लोक तुला म्हणतील, ताई, पॉलिस्टर घ्या, निम्म्यात होतं. ती राळ लाकडाला नीट धरत नाही, इपॉक्सीच लागतं. त्याचे दोन भाग, राळ आणि हार्डनर, वजनकाट्यावर मोजायचे, डोळ्यांनी नाही, आणि लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त ओतायचा नाही. पॉलिस्टरला ती युक्ती चालते, इपॉक्सी तसंच चिकट राहतं. सांगलीच्या एप्रिलात डब्यात कालवलेलं इपॉक्सी बघता बघता तापतं, धूर येतो. पावसाळ्यात त्यावर मेणचट थर धरतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. तेव्हा काम दिवाळी ते होळी. हातमोजे प्रत्येक वेळी, ‘एवढंसंच तर आहे’ म्हणूनही काढायचे नाहीत. एकदा कातडीला त्याचं वावडं झालं की जन्मभर जात नाही, आणि मग ती पंधरा फुटी सुंदरी कायमची गेली.

सुताराला बोलवणार असशील तर एक सांगते. तो सूत आणि इंचात विचार करतो, आराखडा मिलिमीटरमध्ये असतो. एक सूत म्हणजे तीन मिमीहून थोडं जास्त, आणि हे ‘थोडं’ दहा ठिकाणी साठलं की दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत. टेप एकच ठेव, तुझा. दुसरं, तो गुण्या काढेल. होडीत काटकोन औषधालाही सापडत नाही. मधोमध सुतळी ताणून ठेव आणि प्रत्येक माप तिच्यापासून दोन्हीकडे घे, म्हणजे त्यालाही पटेल. बाकी रंधा आणि पटाशी त्याच्या हातात असू दे, त्यात तुझा-माझा निभाव नाही.

आराखडा छापताना झेरॉक्सवाला ‘पानात बसवतो’ म्हणेल, तर हात धर. कागदावर मापाची रेघ असते, छापून आल्यावर ती पट्टीने मोज, मगच तो कागद प्लायवर ठेव. आणि पैसे भरून घेतलेला आराखडा एका होडीपुरता असतो. मैत्रिणीला हवा असेल तर तिने तिचा घ्यावा. हे डिझायनर काही गब्बर लोक नसतात. अडलीस तर त्यालाच लिही. घरी बांधणाऱ्यांची पत्रं त्यांना रोजचीच असतात, आणि प्रश्न नेमका विचारलास तर बहुतेक जण उत्तर देतात.

प्लाय कापायच्या आधी मात्र आठवडाभर मुंबईला जाऊन ये. कुलाब्याकडे शीडहोड्या शिकवणारे क्लब आहेत, पावसाळा सोडून बाकी महिने बंदरात शिडं दिसतात. वाऱ्याच्या विरुद्ध सरळ जाता येत नाही, तिरकं तिरकं चढत जावं लागतं, हे मी शंभरदा लिहिलं तरी कळणार नाही, हातात सुकाणू आल्यावर पाच मिनिटांत कळेल. तिथे मुद्दाम होडी उलटवून पुन्हा सरळ करायला लावतात. ते टाळू नकोस. आईला ते मात्र परत आल्यावर सांग.

दिवाळीच्या पाडव्यानंतर मी सांगलीला येतेच आहे, तेव्हा प्लाय आपण दोघी जाऊन आणू. तोवर एक काम कर. परसातून रस्त्यापर्यंतचा बोळ मोज, सगळ्यात अरुंद जागी, मीटरच्या पेटीपाशी. होडी तिथून आडवी करून निघाली पाहिजे. काकांची भिंत पाडायला मी येणार नाही.