राखणीसाठी राघूची ओळख

ज्वारीचा दाणा भरू लागला आणि पेरूला रंग चढला की राघूंचे थवे शेतावर उतरू लागतात. राखणदार गोफण घेऊन मचाणावर बसलेला असतो. तथापि थवा कणसांवर बसून बराच वेळ झाला तरी पुष्कळदा त्यास पत्ता लागत नाही. याचे कारण या पक्ष्याच्या रंगात व आवाजात आहे.

आपल्याकडे सर्वत्र आढळणारा राघू म्हणजे कंठवाला पोपट होय. त्याची लांबी सुमारे ४२ सेंटिमीटर असून तीत निम्मा वाटा लांब, निमुळत्या शेपटीचा असतो. अंग हिरवे, चोच लाल व बाकदार. नराच्या हनुवटीपासून काळी पट्टी निघून मानेकडे वळते व मागील बाजूस तिला गुलाबी कड मिळते. मादीस हा कंठ नसतो. नर पिलासही तो साधारणतः तिसऱ्या वर्षी फुटतो. म्हणून कंठ नसलेला प्रत्येक पोपट मादीच असे समजू नये.

डोंगराळ व झाडीच्या भागात आणखी दोन जाती दिसतात. पहाडी पोपट राघूहून मोठा, सुमारे ५३ सेंटिमीटर, असून त्याची चोच भक्कम व खांद्यावर तांबडा डाग असतो. दुसरा लहान, त्याच्या नराचे डोके पिकल्या जांभळासारखे, मादीचे राखी. चोच पिवळसर व शेपटीचे टोक पांढरे असते.

उडताना रंग नीट दिसत नाही. तेव्हा कानावर भिस्त ठेवावी. राघूचा आवाज तीव्र व कर्कश, 'कीऽक, कीऽक' असा. पहाडी पोपटाचा जाड व घोगरा. जांभळ्या डोक्याच्या पोपटाचा मात्र 'टुई? टुई?' असा, प्रश्न विचारल्यासारखा व कानास गोड लागतो. ('विठू विठू' हे माणसाने शिकविलेले बोल, रानातला राघू ते बोलत नाही.)

राघू ओरडतो तो उडताना व भय वाटल्यावर. चरताना थवा बहुधा गप्प असतो, आणि हिरव्या पानांत हिरवा पक्षी दिसत नाही. त्यामुळे आरडाओरडा थांबला की थवा गेला, असा समज होतो व नुकसान होते ते त्याच वेळी. अशा वेळी झाडाखाली पडणारी कुरतडलेली फळे व कणसांखालचा भुसा पाहावा. राघू एक फळ पुरते न खाता दुसऱ्यास चोच लावतो, ही त्याची खोड पेरूच्या बागेत फार महाग पडते.

थव्यांची धाड सकाळी व दुपार कलल्यावर अधिक असते. या वेळी मचाण रिकामे ठेवू नये. कणसांच्या वर चकाकणारी फीत ताणावी, फळांना पिशव्या बांधाव्यात. पोपट धरणे, मारणे, विकणे वा पिंजऱ्यात पाळणे वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे शेतकऱ्यांस, विशेषतः उन्हाळ्याच्या तोंडी ढोलीतून पिले काढणाऱ्या मुलांच्या पालकांस, समजावून सांगावे.