'कोरम' म्हणजे काय?

– ऊस विकास अधिकारी



वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दिवशी मंडपात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "कोरम झाला का?" शब्द सर्वांच्या तोंडी आहे, अर्थ मात्र थोडक्यांनाच ठाऊक असतो.

'कोरम' हा मूळ लॅटिन शब्द. अर्थ सरळ आहे, 'ज्यांच्यापैकी'. इंग्लंडात पूर्वी राजा परगण्यांतून 'जस्टिस ऑफ द पीस' नावाचे न्यायाधिकारी नेमी. त्यांच्या लॅटिन सनदेत, कायदा जाणणाऱ्या काहींची नावे घालून लिहीत, "ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावे अशी आमची इच्छा आहे." त्यांतला एक तरी हजर असल्याशिवाय महत्त्वाचे काम चालत नसे. वाक्याच्या तोंडचा 'कोरम' पुढे त्या माणसांचेच नाव झाला आणि कालांतराने सभेच्या किमान हजेरीला लागला. मराठीत यास गणपूर्ती म्हणतात. घटनेच्या कलम १८९ प्रमाणे विधानसभेचा कोरम १० सदस्य किंवा एकूण संख्येचा दहावा हिस्सा, यांत जो आकडा मोठा तो. आपल्या २८८ जणांच्या विधानसभेत तो २९ होतो.

ही चाल आपल्याकडेही जुनीच. गोतसभेचा निवाडा महजरात लिहिताना हजर असलेल्या पाटील, कुलकर्णी, बलुतेदारांची नावे नोंदवीत. 'महजर' आणि 'हजर' हे शब्द एकाच अरबी धातूचे.

आता कामाचे बोलू. सभेच्या नोटिशीखाली बहुधा एक टीप असते. कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला कोरमचे बंधन राहणार नाही. म्हणजे अर्धा तास आपण बांधावर रेंगाळलो की बसलेले चौघे ताळेबंद, लेखापरीक्षकाची नेमणूक, पोटनियम दुरुस्ती उरकणार आणि ते सर्वांना लागू होणार. मग पारावर बसून कुरकुर करून काय उपयोग?

काहीजण हजेरीबुकात सही करतात आणि लगेच परतीची गाडी धरतात. कोरम भरतो, पण प्रश्न विचारणारा उरत नाही. लागण केली की आपण घरी बसतो का? उगवण बघून नांग्या भरतोच ना? सभेतल्या नांग्या आपल्यावाचून कोण भरणार?

तेव्हा अहवाल आधी वाचा, प्रश्न लेखी द्या, वेळेवर या आणि आभार होईपर्यंत बसा. आपला कोरम किती, हे पोटनियमांच्या पुस्तिकेत छापलेले असते. ती मागून घ्या व एकदा वाचाच.