शरीरातील सूक्ष्म यंत्राचा ठावठिकाणा

पिकावर कीड पडल्याची तक्रार आली, पण तीत गावाचे नाव व गट क्रमांक नसेल, तर तक्रार खरी असूनही उपाय योजता येत नाही. मानवी शरीरात सोडावयाच्या सूक्ष्म बिनतारी यंत्रांबाबत हीच अडचण आहे. यंत्राने दाब किंवा तापमान मोजून बाहेर कळविले, तरी ते शरीराच्या कोणत्या भागातील, हे समजल्याविना निदान करता येत नाही. त्या यंत्रातून औषध सोडावयाचे असल्यास धोका अधिकच वाढतो.

यंत्र एकाच जागी बसविलेले असल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांच्या फुप्फुस-धमनीत बसवावयाच्या एका दाबमापकास अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्यात विद्युतघट नसतो; बाहेरील अँटेनाकडून येणाऱ्या रेडिओलहरींवर तो चालतो. फिरत्या यंत्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. विश्रांतीच्या अवस्थेत रक्त साधारणतः एका मिनिटात शरीराची फेरी पूर्ण करते. शिवाय स्नायू, चरबी व हाडे यांतून जाताना रेडिओलहरी कमीअधिक क्षीण होतात. त्यामुळे संदेशाच्या जोरावरून अंतर काढणे फसवे ठरते.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मान्युएल मोंगे, अझिता एमामी, मिखाईल शापिरो आदी संशोधकांनी २०१७ मध्ये यावर एक मार्ग दाखविला. एमआरआय तपासणीमागील तत्त्व त्यांनी सिलिकॉनच्या चिपमध्ये उतरविले. या पद्धतीत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे क्रमाने वाढत जाणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. यंत्र जेथे असेल तेथील क्षेत्राच्या प्रमाणात त्याच्या संदेशाची वारंवारता बदलते. पेटीचा सूर ऐकून जाणकारास दाबलेली पट्टी ओळखता येते, त्याप्रमाणे वारंवारतेवरून यंत्राची जागा कळते. सूर हळू आला तरी पट्टी तीच राहते. तद्वतच संदेश क्षीण झाला तरी त्याची वारंवारता ढळत नाही. हेच या पद्धतीचे मर्म होय. ०.७ घनमिलिमीटरहून लहान अशा यंत्राचे स्थान उंदराच्या शरीरात एक मिलिमीटरहून कमी फरकाने निश्चित करता आले.

तथापि, तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रॉन असतो आणि केशवाहिन्याही जवळपास तितक्याच अरुंद असतात. हे यंत्र त्याहून शंभरपटींनी मोठे आहे. अरुंद वाहिनीत ते अडकल्यास रक्तपुरवठाच खंडित होईल. म्हणून रक्तात संचार करणाऱ्या यंत्रांविषयी विद्यार्थ्यांनी विचारल्यास शिक्षकांनी त्यांच्यापुढे दोन प्रश्न ठेवावेत: ते यंत्र कोठे आहे हे कसे कळणार, आणि काम संपल्यावर ते बाहेर कसे येणार? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची दिशा दिसू लागली आहे. दुसऱ्याचे उत्तर मिळाल्याविना अशी यंत्रे रुग्णांच्या उपयोगी पडणार नाहीत.