हिवतापाची गोळी आधीच द्यावी का?

प्रश्न : सूनबाईला पाचवा महिना आहे. मुलाची बदली गडचिरोलीला झालीय, तीही निघालीय. हिवताप होऊ नये म्हणून आधीच गोळ्या सुरू कराव्यात का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे, पण गोळ्या मनाने सुरू करू नका. आफ्रिकेतल्या अनेक देशांत गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून, किमान महिन्याच्या अंतराने, ३ किंवा जास्त वेळा सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात. तेही शक्यतो नर्ससमोरच गिळायला लावतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात ही पद्धत नाही. इथे भर आहे तो औषधी मच्छरदाणीवर आणि लवकर तपासणीवर. मच्छरदाणी रोज हवी, उकडत असलं तरी. कडा गादीखाली नीट खोचायच्या. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. कारण फाल्सिपेरम प्रकारच्या हिवतापाचे जंतू वारेत साठतात. आईचं रक्त घटतं, बाळाचं वजन कमी भरतं.

निदान झालंच, तर ताप उतरला म्हणून कोर्स अर्धवट सोडायचा नाही. हे मी पुन्हापुन्हा सांगते. आणि घरातल्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या तिला मुळीच देऊ नका, त्यात प्रायमाक्विन असू शकते आणि ती गरोदरपणात चालत नाही. तिकडे पोचताच आशाताईंकडे नाव नोंदवा.