हृदय दर मिनिटाला किती रक्त पाठवते?

निरोगी माणसाचे हृदय प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले, तर जवळपास ५ लिटर रक्त शरीरभर फिरते. कष्टाच्या कामात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

मात्र हृदयाकडे जेवढे रक्त परत येते, तेवढेच ते पुढे पाठवू शकते. अर्धापूरच्या केळीबागांत मे महिन्यात राबणाऱ्यांचा घाम वाहतो, अंगातले पाणी व मीठ घटते आणि हृदय पुरते भरत नाही. विहीर आटली की मोटार चालू असूनही धार बारीक येते, तसेच हे. तूट भरून काढण्यासाठी नाडी जलद होते. तरीही मेंदूला रक्त कमी पडले, तर डोळ्यांपुढे अंधारी येते.

अशा वेळी रुग्णाला सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत. पूर्ण शुद्धीवर असल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. बरळत असल्यास किंवा बेशुद्ध झाल्यास तोंडाने काहीही देऊ नये. अंग ओल्या फडक्याने पुसत ताबडतोब दवाखान्यात न्यावे. हृदयविकार असणाऱ्यांनी पाणी व मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.