मे महिन्याला भुलू नका : शिक्षकांसाठी डोंगराचं वेळापत्रक

मे महिना फसवा असतो. १ मेला झेंडावंदन आणि निकाल उरकला की थेट जूनच्या मध्यापर्यंत शाळेची घंटा नाही. आणि नेमका त्याच काळात सह्याद्री सर्वांत तापलेला असतो, गडांवरची टाकी आटलेली असतात, उतारावरचं गवत वणव्याने काळं पडलेलं असतं. चालण्याचा खरा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो. तेव्हा आम्ही कुठे असतो? मैदानावर, स्नेहसंमेलनाच्या तालमीत, नाहीतर दहावीच्या सराव परीक्षेच्या पर्यवेक्षणात. लोक शिक्षकांच्या सुट्ट्यांचा हेवा करतात. त्यांनी एकदा शाळेचं कॅलेंडर आणि डोंगराचं कॅलेंडर शेजारी-शेजारी टांगून बघावं.

मी नवी मुंबईत खेळ शिकवते, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘पीटीच्या मॅडम’. पुढचं सगळं मुख्यतः राज्य मंडळाच्या शाळांना धरून लिहिलं आहे. सीबीएसईवाल्यांचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यांना नाताळचा आठवडाही मिळतो. त्यांनी तारखा तेवढ्या सरकवून घ्याव्यात. आपल्याकडे वर्षाला ७६ सुट्ट्यांची मर्यादा आहे. त्यातली मोठी गठडी मे-जूनमध्ये जाते, दुसरी दिवाळीत, गणपतीत थोडी. उरलेल्या सुट्ट्या एकेकट्या येतात. माझं म्हणणं एवढंच, की सुट्टी किती लांब आहे हे बघून बेत आखू नका. त्या दिवशी डोंगर कोणत्या अवस्थेत असेल ते बघून आखा.

आधी हाताशी काय आहे ते बघू. खेळाच्या शिक्षकाचे ऑगस्ट ते नोव्हेंबरमधले बरेच शनिवार-रविवार शालेय क्रीडा स्पर्धांत जातात. महापालिका पातळी, मग विभाग, मग राज्य. खो-खोचा संघ जिंकत गेला की आनंदही होतो आणि पुढचा रविवारही जातो. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला बाकीचे लोक पहाटे पाचला निघून गडाच्या पायथ्याशी पोचलेले असतात. आम्ही पांढऱ्या कपड्यांत संचलन घेत असतो. म्हणजे त्या दिवशी आपली सुट्टी सकाळी दहाला सुरू होते. त्यात बसेल असाच डोंगर निवडायचा.

आपलं नशीब असं, की नवी मुंबईत राहणाऱ्याला असे डोंगर दाराशी आहेत. शनिवारची शाळा सकाळची असते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीन-साडेतीनला निघून बेलापूरच्या पारसिक डोंगराचा चढाचा रस्ता दोन-तीनदा चढून उतरला तर आठवड्याचा सराव होऊन जातो. खारघरच्या टेकडीचा रस्ताही तसाच. वरच्या पठारावर चाफेवाडी आणि फणसवाडी या आदिवासी वाड्या आहेत. त्या लोकांच्या अंगणातून जाताना फोटो काढत सुटू नये, हे सांगावं लागतं याची लाज वाटते. बेलापूरच्या डोंगरातल्या मोठ्या शिळा कातळ चढणाऱ्यांना चांगल्या परिचयाच्या आहेत. १९५४ पासून काम करणाऱ्या गिरिविहार संस्थेने इथे प्रस्तरारोहणाच्या स्पर्धा रुजवल्या आणि २०१६ व २०१७ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषकाचा टप्पा चक्क नवी मुंबईत झाला. आपल्या मुलांना हे माहीतही नसतं.

दहाला सुरू होणाऱ्या सुट्टीसाठी माझी पहिली पसंती कर्नाळा. पनवेल एसटी स्थानकातून पेण किंवा अलिबागकडे जाणारी, कर्नाळ्याला थांबणारी गाडी पकडा. अंतर जेमतेम बारा किलोमीटर. हे १९६८ चं पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे प्रवेशद्वारावर तिकीट काढावं लागतं आणि आत नेलेलं प्लास्टिक परत आणावं लागतं. वाट बरीचशी झाडीतून जाते, म्हणून जानेवारीत उशिरा निघूनही उन्हाचा त्रास होत नाही. नेहमीच्या चालीने दीड-दोन तासांत तुम्ही कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याच्या तळाशी. सुळका चढणं हे तंत्र शिकलेल्यांचं काम. बाकीच्यांनी तळाची टाकी आणि तटबंदी बघून मागे फिरावं. सुळक्यावर आग्या माश्यांची पोळी असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य. आणि जाता-येता महामार्गालगतच्या शिरढोणला जरूर थांबा. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म तिथला, १८४५ चा, आणि त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते. चौथीला इतिहास शिकवणाऱ्या सहकाऱ्याला सोबत न्या, दोघांचंही काम होईल.

पूर्ण रविवार मोकळा असेल तर प्रबळगड-कलावंतीण. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने शेडुंग फाटा, तिथून आत ठाकूरवाडी. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत; पहिली गाडी चुकली तर रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापलीकडे उपाय नाही. ठाकूरवाडीतून प्रबळमाचीला दीड-दोन तास आणि माचीवरून कलावंतिणीला साधारण तासभर. कातळात खोदलेल्या त्या पायऱ्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. छायाचित्रात दिसत नाही ती रांग. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी दहानंतर त्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडतात, आणि बाजूला कठडा नाही. म्हणून शनिवारी शाळा सुटली की संध्याकाळच्या आत माचीवर मुक्कामाला जाणं उत्तम. माचीवर घरगुती जेवण मिळतं, पिठलं-भाकरी आणि ठेचा. आधी फोन करून ठेवलेला बरा. रविवारी सूर्य वर येण्याआधी पायऱ्या चढून उतरायच्या, म्हणजे गर्दी वर येत असताना तुम्ही पोहे खात असता. वर्गातलं एखादं कुटुंब भेटणारच. ‘मॅडम, तुम्ही इथे?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता त्याला उत्तर देत नाही, शूज बघते. चपला घालून आलेल्या मुलाला पायऱ्यांवर जाऊ देऊ नका, हे त्याच्या बाबांना तिथल्या तिथे सांगायचा हक्क पीटीच्या शिक्षकाला आहे असं मी मानते.

खरं तर मला कलावंतिणीपेक्षा शेजारचा प्रबळगडच जास्त आवडतो. याचं जुनं नाव मुरंजन. माचीवरून एका दगडगोट्यांच्या नाळेतून वाट चढते, वर दाट रान आहे आणि माणसं फारच कमी. पण रानात वाटा फुटतात, तेव्हा पहिल्या वेळी माचीवरचा वाटाड्या घ्यावा. त्याचे पैसे वाचवून कुणी श्रीमंत झालेलं नाही.

तिसरी वाट थोडी वेगळी : पनवेलहून एसटीने धोदाणी आणि तिथून माथेरानचा सनसेट पॉइंट. आपण शाळेच्या सहलीने ज्या माथेरानला नेरळकडून जातो, त्याच्या पाठीमागून चढायचं. दोन-अडीच तासांची चढण आहे, वाट मळलेली. वर पोचलात की लाल मातीतून दस्तुरी नाक्यापर्यंत रमतगमत चाला, सामायिक टॅक्सीने नेरळला उतरा, तिथून लोकलने ठाणे आणि ठाण्याहून वाशी-पनवेलची गाडी. आल्या वाटेने उतरण्यापेक्षा गुडघ्यांवर हे मेहेरबान. सोमवारी पहिल्या तासाला सूर्यनमस्कार घ्यायचे असतात, हे विसरून चालत नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट. जून-जुलैत शाळा नुकती सुरू झालेली असते, रविवार मोकळे असतात आणि हिरवं पाहून पाय शिवशिवतात. पण धबधबा हे गंतव्य म्हणून निवडूच नये. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात दरवर्षी बंदी घालावी लागते, ती तिथे बुडालेल्या माणसांमुळे. जुलै २०२४ मध्ये बेलापूरच्या डोंगरात धबधब्यावर गेलेली साठेक माणसं ओढा फुगल्याने पलीकडे अडकली. अग्निशमन दल आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी वर पाऊस झाला की थोड्याच वेळात कमरेपर्यंत येतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्या बाजूला भटकायला जाऊन ‘व्ह्यू’ शोधणं मला तरी जमत नाही. पावसाळ्यात निघण्याआधी हवामान खात्याचा रायगड जिल्ह्यासाठीचा इशारा बघायचा. नारिंगी किंवा लाल असेल तर घरी बसून वह्या तपासायच्या. जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश दर मोसमात बदलतात, तेही पायथ्याशी पोचण्याआधी वाचायचे.

आता दिवाळी. आपल्या नोकरीतली सर्वांत मोलाची चीज हीच, आणि बहुतेक जण ती वाया घालवतात. लक्ष्मीपूजन-पाडव्याला घराबाहेर पडता येत नाही, पडूही नये. पण भाऊबीज झाली की कचेऱ्या सुरू होतात आणि शाळांना अजून काही दिवस सुट्टी असते. ते आडवारचे दिवस फक्त आपले. गडांवर गर्दी नाही, टाक्यांत पाणी, हवेत गारवा, गवत सोनेरी व्हायला लागलेलं. हे दिवस प्रबळमाचीसारख्या जवळच्या जागेवर खर्च करू नका, दूरचं काढा. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर : ठाण्याला गाडी बदलून कसारा, पुढे जीपने बारी गाव. रविवारी लोखंडी शिड्यांखाली ताटकळावं लागतं, मंगळवारी शिडी तुमची एकट्याची. किंवा दोन रात्रींचा हरिश्चंद्रगड : कल्याणहून माळशेज घाटातून जाणारी एसटी, खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वर, तोलार खिंडीतून वर. गडावरच्या कोकणकड्याला संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही द्याव्यात, म्हणून दोन रात्री.

मग मेचं काय करायचं? सह्याद्रीतून बाहेर पडायचं. चार आठवडे सलग मोकळे असणारा नोकरदार शिक्षकाशिवाय कोण आहे? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आणि दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट यांचे प्राथमिक अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचे असतात. आयटीतल्या लोकांना त्यासाठी वर्षभराची रजा साठवावी लागते. आपल्याला फक्त तारखा जुळवायच्या. जागा फार आधी भरतात, म्हणून अर्ज दिवाळीच्या सुट्टीतच करून टाका. वयाची अट आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना संकेतस्थळावर वाचा. मुख्याध्यापकांना जानेवारीतच कल्पना द्या, कारण निवडणूक किंवा जनगणनेचं काम सुट्टीतच अंगावर येतं. एवढं नको असेल तर यूथ हॉस्टेल्सचे हिमालयातले आठ-दहा दिवसांचे ट्रेक आहेत, शिक्षकाच्या पगारात बसणारे.

मेमध्ये इथेच असाल तर पहाटे अंधारात निघून नवाच्या आत खाली, हा एकच नियम. एक अपवाद करावा : मेअखेरीपासून पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत राजमाचीच्या उधेवाडीभोवती काजवे असतात. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते, म्हणजे सुट्टीतला शेवटचा पंधरवडा त्यासाठीच आहे. आडवारी जा. विजेऱ्या आणि मोबाइलचे दिवे बंद ठेवा. झाडाजवळ जाऊन काजवे बाटलीत भरणाऱ्याला शिक्षकी आवाजात हाक मारा.

सामानाचं फार बोलत नाही. माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एकात मीठ-साखर-लिंबू. डोक्याला बांधायची विजेरी, दिवसाच्या ट्रेकलाही. चांगली पकड असलेले बूट. सह्याद्रीत ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’च्या साध्या बुटांवर पिढ्या चालल्या आहेत, महागड्या बुटांसाठी अडून बसू नका. आणि आपल्या गळ्यातली शिट्टी घरी ठेवू नका. मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा : हा जगभर मान्य असलेला संकटाचा इशारा आहे. आवाज बसला तरी शिट्टी वाजते. फोनला रेंज असेल तर ११२.

शेवटी मुलांना नेण्याबद्दल. आपल्या रविवारच्या भटकंतीत विद्यार्थ्यांना ‘चला रे’ म्हणून कधीच जोडून घेऊ नका, पालक कितीही म्हणाले तरी. न्यायचं तर शाळेची रीतसर सहल म्हणून : शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, मुलींसोबत शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी, एसटीची गाडी. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, पण डिसेंबर-जानेवारीत आगारावर झुंबड असते. अर्ज दिवाळीनंतर शाळा उघडल्याबरोबर द्या. आठवी-नववीसाठी कर्नाळा, जानेवारीतला आडवार, दहा मुलांमागे एक मोठा माणूस, आणि वन विभागाला आधी पत्र. सुळक्याच्या तळाच्या खूप आधी एखाद्या सावलीत सगळ्यांना बसवून डबे उघडा. वर माश्या असतात आणि माकडंही.